दीर्घिकांचा इतिहास त्यांच्या चालीत



नोव्हेंबर 2025 मध्ये पुण्याहून एक आनंदाची बातमी आली. तिथल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रांत एक सर्पिल दीर्घिका हुडकून काढली आणि तिला ‘अलकनंदा’ हे नाव दिलं. मध्यभागी तेजस्वी फुगवटा, त्यातून निघालेल्या दोन ठसठशीत भुजा, सुमारे 30,000 प्रकाशवर्षांचा पसारा. आपण तिचा जो प्रकाश पाहतो तो निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम 150 कोटी वर्षं होतं. आज ते सुमारे 1,380 कोटी वर्षं आहे. त्या कोवळ्या विश्वात दीर्घिका वेड्यावाकड्या, गाठीगाठींच्या, अजून घडी न बसलेल्या असाव्यात, असं आपण धरून चाललो होतो. आणि इथे ही दीर्घिका, जवळपास आपल्या आकाशगंगेसारखी, नीटस मांडणी करून बसलेली.

मला ते चित्र फार आवडलं. पण त्याच्यापुढे बसल्यावर एकच प्रश्न छळत राहतो: ही फिरते कशी? भुजा दिसतात, पण त्या आल्या कशाने? शेजारून गेलेल्या एखाद्या दीर्घिकेने ओढ दिली म्हणूनही भुजा उमटतात आणि तबकडीत आतूनच घनतेच्या लाटा उठल्या म्हणूनही उमटतात. दोन्हींचं छायाचित्र सारखंच येऊ शकतं. पहिल्या प्रकारात दीर्घिकेच्या आयुष्यातला एक अपघात आपल्याला दिसतो आणि दुसऱ्या प्रकारात तिचा स्वभाव. यांतलं खरं काय ते चित्रातून कळत नाही. त्यासाठी तिच्यातला वायू आणि तिच्यातले तारे किती वेगाने, कोणत्या दिशेने आणि किती शिस्तीत फिरतात ते मोजावं लागतं. आज मी बोलणार आहे ते या मोजणीबद्दल. दीर्घिकेचा आकार आपल्याला आधी दिसतो, पण तिचा इतिहास तिच्या चालीत असतो. आणि हा इतिहास वाचण्याचं फार मोलाचं काम आपल्या महाराष्ट्रात झालं आहे.

वेग मोजण्याचं तत्त्व जुनं आणि सोपं आहे. प्रकाश देणारी वस्तू जवळ येत असेल तर तिच्या प्रकाशाच्या लहरी आखूड होतात, दूर जात असेल तर लांबतात. 1912 साली अमेरिकेत व्हेस्टो स्लायफर यांनी या युक्तीने देवयानी दीर्घिकेचा वेग काढला आणि ती सेकंदाला सुमारे 300 किलोमीटर वेगाने आपल्याकडे येते आहे असं आढळलं. यातला बराचसा वाटा सूर्याच्या स्वतःच्या फिरण्याचा आहे. तो वजा केला तर देवयानी आणि आपली आकाशगंगा एकमेकींकडे सेकंदाला साधारण 110 किलोमीटरने सरकत आहेत. एखादी दीर्घिका आपल्याला कडेने दिसत असेल तर तिची एक बाजू आपल्याकडे येताना आणि दुसरी दूर जाताना आढळते. या दोन बाजूंच्या वेगांतला फरक म्हणजेच तिचं फिरणं.

ताऱ्यांचा प्रकाश या कामाला चालतो, पण त्याच्या दोन अडचणी आहेत. धूळ तो अडवते, आणि दीर्घिकेच्या कडेला तारे विरळ होत जातात. वायूला या अडचणी नाहीत. विश्वातला सर्वांत विपुल वायू म्हणजे हायड्रोजन, आणि त्याचा सुटा अणू एक अतिशय मंद रेडिओ लहर सोडतो. अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या फिरकीची दिशा प्रोटॉनच्या सापेक्ष उलटते तेव्हा ही लहर निघते. तिची लांबी 21 सेंटिमीटर, वारंवारता 1420.4 मेगाहर्ट्झ. एका अणूत ही गोष्ट आपसूक घडायला सरासरी 1 कोटी वर्षांहून अधिक काळ लागतो. पण दीर्घिकेत अणू इतके अफाट असतात की ही लहर अखंड येत राहते. नेदरलँड्सवर जर्मनीचा ताबा असताना, 1944 साली, हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट या तरुणाने ती असावी असं भाकीत केलं. 1951 साली हार्वर्डमध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ती प्रत्यक्ष पकडली. धुळीतून ती बिनदिक्कत आरपार येते. वायूच्या वेगात सेकंदाला 1 किलोमीटरचा फरक पडला तरी तिच्या वारंवारतेत सुमारे 4.7 किलोहर्ट्झचा फरक पडतो, आणि तो मोजणं रेडिओ अभियंत्यांना मुळीच अवघड नाही. आपल्या आकाशगंगेच्या सर्पिल भुजा आपण बाहेरून कधीच पाहू शकणार नाही, कारण आपण आतच बसलो आहोत. त्यांचा आराखडा या 21 सेंटिमीटरच्या लहरींवरून काढता आला. कुरुंदवाडला जन्मलेल्या श्रीनिवास कुलकर्णी यांचं सुरुवातीचं एक काम याच विषयावरचं आहे. 1982 साली लिओ ब्लिट्झ आणि कार्ल हाइल्स यांच्याबरोबर त्यांनी आकाशगंगेच्या बाहेरच्या भागातल्या हायड्रोजनची मांडणी अभ्यासली. पुढे ते स्पंदक तारे आणि क्षणिक स्फोटांच्या संशोधनासाठी जगभर नावाजले गेले, म्हणून हे सुरुवातीचं काम आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं.

आता फिरण्यातून काय कळतं ते पाहू. सूर्यमालेत बुध सेकंदाला 47 किलोमीटर वेगाने फिरतो आणि नेपच्यून साडेपाचच्या आसपास. वस्तुमान मध्यभागी एकवटलेलं असलं की बाहेरचे असे मंदावतातच. दीर्घिकेतही तेच अपेक्षित होतं. 1970 साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानीतल्या 67 तेजोमेघांचे वेग मोजले आणि बाहेर गेलं तरी वेग उतरत नाही असं दिसलं. तेजोमेघ संपतात त्याच्याही पलीकडे सुटा हायड्रोजन पसरलेला असतो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ त्या टोकापर्यंत गेले, तरी वेग तसेच. ताऱ्यांच्या आणि वायूच्या गुरुत्वाकर्षणाने एवढा वेग धरून ठेवता येत नाही. तिथे आणखी काहीतरी वजनदार आहे आणि ते प्रकाश देत नाही. त्याला आपण कृष्णद्रव्य म्हणतो. ते कशाचं बनलं आहे हा प्रश्न आजही सुटलेला नाही, पण ते किती आणि कुठवर पसरलं आहे याचा अंदाज मुख्यतः वायूच्या चालीवरून येतो.

इथे आपल्याला पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावी जायला हवं. नारायणगावजवळच्या या गावाच्या परिसरात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतल्या 14 मध्यभागी, साधारण एक किलोमीटरच्या चौरसात, आणि 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फाट्यांवर 25 किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण परवडेल अशा खर्चात उभी केली. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करता त्यांनी ताणलेल्या दोरखंडांवर पोलादी तारेची जाळी बसवली. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी सलग आरशासारखीच वाटते, आणि वारा मात्र तिच्यातून निघून जातो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 1988 साली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सुरू केली आणि स्वरूपांनी खोडदला ही दुर्बीण. एका पिढीने एका जिल्ह्यात एवढं उभं करून ठेवलं, याची आपण पुरेशी दखल घेतलेली नाही असं मला मनापासून वाटतं.

या दुर्बिणीने 2005 साली एनजीसी 3741 नावाची एक अगदी चिमुकली दीर्घिका पाहिली. हे काम आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर काराचेन्त्सेव यांचं. तिचे तारे छोट्याशा भागात दाटलेले. पण तिच्या हायड्रोजनची तबकडी त्या ताऱ्यांच्या दिसणाऱ्या भागाच्या आठपटीहून अधिक दूर पसरलेली निघाली, आणि तो सगळा वायू शिस्तीत फिरत होता. त्या फिरण्यावरून वजन काढलं तेव्हा सूर्याच्या मापाने प्रकाशाच्या एका एककामागे वस्तुमान शंभराहून अधिक भरलं. एवढी ‘काळी’ दीर्घिका आपल्या शेजारात बसली होती, आणि नुसत्या छायाचित्रावरून तिच्याकडे कोणी दुसऱ्यांदा वळूनही पाहिलं नसतं.

वायू आणि तारे यांच्या चालीत एक मूलभूत फरक आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. वायूचे ढग एकमेकांवर आदळतात, तापतात, ती ऊर्जा किरणांच्या रूपाने बाहेर टाकतात आणि पुन्हा पातळ, शांत तबकडीत येऊन बसतात. तारे एकमेकांवर जवळजवळ कधीच आदळत नाहीत, कारण त्यांच्यातली अंतरं प्रचंड असतात. म्हणून ताऱ्याला एकदा बसलेला धक्का त्याच्या कक्षेत राहून जातो. आपल्या कन्हान नदीला पूर येऊन गेला की पाणी आठवड्याभरात आपल्या पात्रात परत येतं, त्याच्याकडे बघून पूर किती चढला होता ते सांगता येत नाही. पण काठच्या बाभळींच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा ती उंची पुढे कितीतरी दिवस दाखवत राहतो. दीर्घिकेत वायू म्हणजे ते पाणी, आज काय चाललं आहे हे सांगणारं. तारे म्हणजे तो अडकलेला कचरा, पूर्वी काय होऊन गेलं याची साक्ष. सूर्याच्या आसपास पाहिलं तर नुकते जन्मलेले तारे तबकडीच्या वरखाली सेकंदाला साधारण 10 किलोमीटरच्या आत-बाहेर हेलकावतात, तर जुन्या ताऱ्यांत हे हेलकावे दुप्पट आणि त्याहून अधिक असतात. अब्जावधी वर्षांत वायूच्या महाकाय ढगांनी, सर्पिल भुजांनी आणि बाहेरून येऊन धडकलेल्या लहान दीर्घिकांनी दिलेले धक्के त्यांत साठलेले आहेत.

ही साक्ष वाचायला ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या युरोपच्या गाया उपग्रहाने फार मोठा हातभार लावला. 2013 च्या डिसेंबरात तो झेपावला आणि जानेवारी 2025 पर्यंत निरीक्षणं घेत राहिला. एप्रिल 2018 मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या यादीत जवळजवळ 170 कोटी तारे होते. त्याच वर्षी अमिना हेल्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की सूर्याच्या परिसरातले प्रभामंडलाचे, म्हणजे तबकडीभोवतीच्या विरळ गोलसर आवरणाचे, बरेचसे तारे आकाशगंगेत जन्मलेलेच नाहीत. त्यांच्या कक्षा लांबुळक्या आहेत, काहींची दिशाही उलटी आहे, आणि त्यांची रासायनिक घडण वेगळी आहे. सुमारे 1,000 कोटी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने एक बरीच मोठी दीर्घिका गिळली, तिचे हे तारे. त्या गिळलेल्या दीर्घिकेला आता गाया-एन्सेलॅडस म्हणतात. गायाच्याच आकडेवारीतून तेरेसा अंतोजा यांनी आणखी एक गोष्ट काढली. सूर्याजवळच्या ताऱ्यांची तबकडीपासूनची उंची आणि त्यांचा वरखाली जाण्याचा वेग एकत्र मांडला की त्यात गोगलगायीच्या शंखासारखं वळण उमटतं. म्हणजे आपली तबकडी सुमारे 30 ते 90 कोटी वर्षांपूर्वी कोणीतरी हलवली आहे आणि ती अजून स्थिर झालेली नाही. संशय धनू राशीतल्या बटू दीर्घिकेवर आहे. 2024 साली ख्याती मल्हान आणि हान्स-वॉल्टर रिक्स यांनी आकाशगंगेच्या अंतर्भागात ताऱ्यांचे दोन फार प्राचीन समूह कक्षांवरून वेगळे काढले आणि त्यांना शिव आणि शक्ती अशी नावं दिली. आपल्या आकाशगंगेची बांधणी सुरू झाली त्या काळातले ते भाग असावेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

रासायनिक घडणीचा उल्लेख केला, तर इथे खाप्यात एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. इथून जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे, आणि तुमच्यापैकी अनेकांच्या घरातली माणसं तिथे राबली आहेत. विश्वातलं बहुतेक मँगनीज एका विशिष्ट प्रकारच्या अतिनवताऱ्यांत तयार होतं. श्वेतबटू तारा वस्तुमानाची मर्यादा गाठून फुटतो, तो हा स्फोट. या स्फोटांना वेळ लागतो. त्यामुळे एखाद्या ताऱ्यात मॅग्नेशियमच्या मानाने मँगनीज किती आहे यावरून तो जिथे जन्मला तिथे तारे किती झपाट्याने घडत होते याचा अंदाज बांधता येतो. बाहेरून आलेले तारे आणि घरचे तारे निवडून वेगळे करताना खगोलशास्त्रज्ञ कक्षांच्या जोडीला नेमकं हे प्रमाण वापरतात. तुमच्या पायाखालच्या खनिजाचा आकाशगंगेच्या इतिहासाशी इतका थेट संबंध आहे.

वायू आणि तारे वेगवेगळे बोलत असले तरी राहतात एकत्रच, आणि एकमेकांना ओढतात. या एकत्र राहण्याचं गणित ज्यांनी मांडलं त्यांत चंदा जोग हे नाव अग्रभागी आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केलं. 1984 साली फिलिप सॉलोमन यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी तारे आणि वायू ही एकाच गुरुत्वाकर्षणाने बांधलेली दोन प्रवाही द्रव्यं मानली. त्याआधी बहुधा दीर्घिकेची तबकडी एकाच द्रव्याची समजून हिशेब केला जाई. जोग आणि सॉलोमन यांच्या हिशेबात असं निघालं की ताऱ्यांची तबकडी एकटी स्थिर असेल, वायूची तबकडीही एकटी स्थिर असेल, तरी दोन्ही एकत्र आल्या की अस्थिर होऊ शकतात. वायू वजनाने थोडा असला तरी थंड आणि शांत असल्याने सहज गोळा होतो आणि ताऱ्यांनाही आपल्याबरोबर ओढतो. त्यातूनच भुजा उमटतात आणि ढग आकसून नवे तारे जन्मतात. पुढे एकांगी दीर्घिकांवरचं त्यांचं कामही असंच महत्त्वाचं ठरलं. दीर्घिका गोल आणि समतोल असतात अशी आपली समजूत, पण जवळच्या सर्पिल दीर्घिकांपैकी साधारण 30 टक्के चांगल्याच एका बाजूला झुकलेल्या असतात. हा झुकाव कुठून आला, शेजारणीच्या ओढीने की एका अंगाने येणाऱ्या ताज्या वायूने, याचा माग पुन्हा गतीवरूनच काढावा लागतो. मला जोग यांचं काम फार थोर वाटतं, आणि मराठी वाचकांपर्यंत ते जेवढं पोहोचायला हवं होतं तेवढं पोहोचलेलं नाही.

दूरच्या, म्हणजे प्राचीन दीर्घिकांतला हायड्रोजन पाहणं मात्र फार कठीण. 21 सेंटिमीटरची लहर मुळातच मंद, त्यात अंतर अफाट. विश्वाच्या प्रसरणामुळे ती वाटेत ताणलीही जाते, आणि 800 कोटी वर्षांपूर्वी निघालेली लहर आपल्याकडे येईतो सुमारे 42 सेंटिमीटरची झालेली असते. अशी एकेक दीर्घिका जीएमआरटीलाही दिसत नाही. मग आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, चेंगलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 7,653 दीर्घिका घेतल्या. हवाईतल्या केक दुर्बिणीने ताऱ्यांच्या प्रकाशावरून या दीर्घिकांचे वेग आधीच मोजून ठेवले होते. त्या वेगांनुसार प्रत्येकीचा रेडिओ वर्णपट योग्य जागी सरकवून त्यांनी सगळ्यांची बेरीज केली. दुर्बिणीतला गोंगाट प्रत्येक वेळी वेगळा असतो, म्हणून तो बेरजेत विरतो. हायड्रोजनची खूण प्रत्येक वेळी एकाच जागी असते, म्हणून ती वर येते. 2020 साली हा निष्कर्ष नेचर या शोधपत्रिकेत आला. त्या दीर्घिकांत वायू ताऱ्यांच्या तोडीस तोड होता, पण तारे ज्या झपाट्याने घडत होते त्या मानाने तो 100 ते 200 कोटी वर्षांतच संपला असता. विश्वात तारे घडण्याचा वेग साधारण 1,000 कोटी वर्षांपूर्वी शिगेला होता आणि मग उतरत आज दशांशावर आला. तो का उतरला याचं उत्तर इथे मिळतं: बाहेरून येणारा वायू पुरेनासा झाला. विश्वाच्या इतिहासातल्या फार मोठ्या प्रश्नाचं हे उत्तर जुन्नर तालुक्यातून निघालं आहे.

आणि आता पुन्हा अलकनंदेकडे. 2020 सालीच मार्सेल नीलमन, काणेकर आणि इतरांनी चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने विश्वाच्या साधारण त्याच वयातली, म्हणजे 150 कोटी वर्षांच्या आसपासची, एक दीर्घिका मोजली होती. खगोलशास्त्रज्ञ आर्थर वुल्फ यांच्या स्मरणार्थ तिला वुल्फ तबकडी म्हणतात. तिच्यातला थंड वायू सेकंदाला सुमारे 270 किलोमीटर वेगाने शिस्तीत फिरतो आहे. त्यानंतर दोन-तीनशे कोटी वर्षांनीही अनेक दीर्घिकांत वायूची उसळी सेकंदाला 50 किलोमीटरपर्यंत असते, हे चिलीतल्याच दुसऱ्या एका मोठ्या दुर्बिणीने दाखवलेलं होतं. मग एवढ्या लवकर ही शांतता कशी आली? वुल्फ तबकडीची गती आपल्याला ठाऊक आहे, अलकनंदेचं चित्र. अलकनंदेतल्या वायूची गतीही शिस्तबद्ध निघाली, तर दीर्घिका मुख्यतः टकरा होऊन हळूहळू घडल्या या कल्पनेला मोठी मुरड घालावी लागेल. थंड वायूच्या धारांनी त्या लवकर आणि शांतपणे घडू शकतात असं मानावं लागेल. माझा कल या दुसऱ्या बाजूला आहे, पण निवाडा मोजणीच करील. ती मोजणी वेब आणि अल्मा या दुर्बिणींच्या आवाक्यात आहे.

एक काळजी मात्र इथे बोलून दाखवतो. 800 कोटी वर्षांपूर्वीचा हायड्रोजन आज 700 मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकू येतो, आणि 5जी मोबाइलसाठी दिलेल्या पट्ट्यांपैकी एक नेमका तिथेच आहे. खोडदच्या आसपास टॉवर, वीजवाहिन्या आणि विद्युत रेल्वे जेवढी वाढेल तेवढी ही मंद लहर बुडत जाईल. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आधीची आखणी दुर्बिणीच्या परिसरातून जात होती. वैज्ञानिकांनी हरकत घेतल्यावर केंद्र सरकारने ती बदलण्याचा निर्णय घेतला. त्या भागातल्या लोकांना रेल्वे हवी आहे, आणि ती त्यांना मिळायलाच हवी. पण रेल्वेला दुसरा मार्ग असू शकतो, दुर्बिणीला दुसरी जागा मिळणार नाही. तो निर्णय योग्यच होता.

या सभागृहात बसलेल्या मुलामुलींना आता एवढंच सांगतो. स्क्वेअर किलोमीटर अॅरे या जागतिक रेडिओ दुर्बिणीत सहभागासाठी भारताने 1,250 कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि त्या कामाला पुढची वीस-तीस वर्षं माणसं लागणार आहेत. आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र दोन्हीकडे पदवीच्या विद्यार्थ्यांना सुट्टीत काम करू देणारे कार्यक्रम आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची दुर्बीण सर्वांना पाहायला खुली असते. खगोलशास्त्रज्ञ आनंद होता यांच्या रॅड अॅट होम या उपक्रमात घरी बसून जीएमआरटीच्या प्रतिमांत दीर्घिका शोधायला शिकवतात. यासाठी नागपूर सोडायचीही गरज नाही. भौतिकशास्त्र आणि गणित आवडत असेल तर सुट्टीतल्या त्या कार्यक्रमांना या वर्षीच अर्ज करा.